गाडीत ‘झकास’च म्हणायचं

३ फेब्रुवारी

लिंबू,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, कुणाची तरी हरवलेल्या सामानाची तक्रार असेल. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून बसून माझं डोकं असंच झालंय. घरात कुणी हाक मारली तरी तोंडातून ‘कुठं जायचंय?’ निघतं. मग आतलं ‘दादा’ वाचलं आणि खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर रांग बोंबलत होती. बोंबला म्हटलं, एवढ्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलंय, तुमची गाडी काही पळून जात नाही.

तू लिहितेस, काही दिवस उगाचच जीव थाऱ्यावर नाही, घरी सगळं ठीक आहे ना, येऊन जाऊ का. अगं, ठीक काय विचारतेस, झकास आहे! बाबा झकास, मी झकास, तुझी वहिनी झकास. वहिनी हे वाचायला मागतेय, पण मी देणार नाही. तिला माझ्या पत्रांत चुका काढायची खोड आहे.

‘झकास’वरून तुला हसू आलं असेल. की राग? बाबांचा नियम तू विसरली नसणारच. उभा जन्म घाटाची गाडी चालवली त्यांनी, आणि त्या गाडीत कायदा एकच. मळमळतंय असं म्हणायचं नाही. एकानं म्हटलं की दहा जणांच्या पोटात ढवळतं, असं त्यांचं शास्त्र. सुट्टीत आपण मागच्या बाकावर बसायचो. पहिल्या वळणाला ते आरशात बघून ओरडायचे, “काय मंडळी, कसं वाटतंय?” आणि अख्ख्या गाडीनं ओरडायचं, “झकास!” दुसऱ्या वळणाला “निवांत!” तिसऱ्याला “गारेगार!” मला तर पहिल्या वळणापासूनच तोंडाला पाणी सुटायचं, पण माझा आवाज सगळ्यांच्या वर. तू मात्र नाकाशी लिंबू धरून सरळ सांगायचीस, “बाबा, मला ओकारी येतेय.” सगळी गाडी तुझ्याकडे बघायची. मला इतकी लाज वाटायची तुझी! तुझं नाव लिंबू मीच ठेवलं.

आणि गंमत बघ, पिशवीत ओकून झालं की तू खुशाल शेंगदाणे मागायचीस, खिडकीत बसून गाणी म्हणायचीस. मी घरी पोचेपर्यंत गिळत बसायचो.

तर सांगायचं हे, की बाबा ठणठणीत आहेत. जरा हलके झालेत. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं परवा, तरुण दिसतात. जेवण कमी केलंय, वयाला तेच बरं. तू मात्र आत्ता येऊ नकोस. आम्ही घराचं काम काढलंय, फरश्या उखडल्यात, पाय ठेवायला जागा नाही. काम झालं की मीच बोलावतो.

तुझ्या गावाच्या गाडीवर हल्ली मिशाळ आहे, बाबांच्या हाताखाली तयार झालेला. पत्र त्याच्याच हाती देतोय, टपालापेक्षा लवकर पोचेल. उत्तर त्याच्याचकडे दे. फोन तू उचलत नाहीस. न उचलण्याचं कारण मला माहीत आहे, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

लिंबू,

बाई गं, हे पत्र आहे की उलटतपासणी? ‘बाबा काय खातात, किती खातात, झोप लागते का, डॉक्टरला दाखवलं का.’ वहिनी म्हणाली, “हिला तुमच्या खिडकीत बसवा. एकाही प्रवाशाची गाडी चुकणार नाही.” बरं, आता उत्तरं घे.

खातात. पेज खातात, पातळ भात खातात, चहात बिस्कीट बुडवून खातात. चावायचा कंटाळा करतात, कवळी टोचते म्हणतात. झोप लागते. पहाटे उठून न्हाणीघरात बराच वेळ असतात, नळ जोरात सोडून. त्यांना पाण्याचा आवाज आवडतो.

आणि डॉक्टरलाही दाखवलं, झालं समाधान? चौकातल्या नव्या डॉक्टरकडे मीच नेलं. पोरगेलासा आहे, पण स्वभावानं चांगला. त्यानं पोट दाबलं आणि विचारलं, “आजोबा, कसं वाटतंय?” बाबांनी ताठ बसून सांगितलं, “झकास!” डॉक्टर हसला. म्हणाला, “मळमळ, उलटी असं काही?” बाबा म्हणाले, “छे हो, निवांत.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “घरात काही लक्षात आलंय का तुमच्या?” मी म्हटलं, “नाही, काही नाही.” त्यानं पित्ताची पावडर दिली आणि सांगितलं, काही वेगळं वाटलं तर लगेच या, मग तपासण्या करू. बाहेर पडल्यावर बाबा मला म्हणाले, “बघितलंस? काही नाही.” मीही म्हटलं, “काही नाहीच.” दोघंही खुशीत घरी आलो. वाटेत ते एका दुकानामागं हात धुवायला थांबले होते, म्हणून जरा उशीर झाला एवढंच.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस, बाबा माझ्याबद्दल काही बोलतात का. तुला माहीत आहेत ना बाबा. बोलणाऱ्यातले आहेत का ते? तुझ्या लग्नाची बोलणी करायला बाबांच्याच गाडीनं निघालो होतो त्या दिवसाबद्दल त्यांनी आजपर्यंत एक अक्षर काढलेलं नाही. तू म्हणालीस, “बाबा, मला या माणसाबद्दल बरं वाटत नाहीये.” ते म्हणाले, “गाडीत बसल्यावर असं बोलायचं नाही.” तू उठलीस आणि घंटीची दोरी ओढलीस. सिंगल बेल. ड्रायव्हरचा पाय तो, सिंगल बेलला ब्रेकवर जाणारच. घाटात कधी न थांबणारी गाडी भर वळणावर थांबली आणि तू उतरलीस. मग कंडक्टरनं डबल बेल दिली आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून तू दिसत होतीस, हातात लिंबू होतं. मी बाबांकडे बघितलं. ते आरशात बघत नव्हते.

हे लिहायचं नव्हतं मला. तू प्रश्न विचारतेस म्हणून असलं काहीतरी बाहेर येतं. फरश्यांचं काम अजून चालू आहे.

तुझा दादा


९ मार्च

लिंबू,

हे पत्र घाईत लिहितोय. मिशाळ गाडी काढायच्या आत द्यायचंय, कारण तो तुला काहीबाही सांगेल. त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे. म्हणून काय झालं ते माझ्याकडूनच ऐक.

बाबा आज सकाळी स्टँडवर आले होते. हल्ली येतात अधूनमधून, गाड्या बघत बसतात. कुठल्या गाडीचा गिअर कुरकुरतोय ते बाकावरून सांगतात, नव्या ड्रायव्हरांची हजेरी घेतात. आज उन्हात बसल्यानं जरा गरगरलं. हातातला चहा सांडला तीन नंबरच्या फलाटावर. बस, एवढंच. झाडणाऱ्या बाईनं पाणी टाकलं, बाबांना रिक्षात घालून घरी पोचवलं. आता झोपलेत. मिशाळ म्हणे दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. त्याला म्हटलं, “अरे, चहा सांडलाय, आभाळ नाही कोसळलं.”

तर तो काहीही म्हणाला तरी मनावर घेऊ नकोस. निर्धास्त राहा.

दादा


१५ मार्च

लिंबू,

वाचलं. दोनदा वाचलं. इतकं चिडून लिहिशील असं वाटलं नव्हतं, पण चिडणं चूक आहे असंही म्हणत नाही. ‘दादा, चहाला रक्ताचा रंग कधीपासून आला?’ मिशाळनं सांगितलंच म्हणायचं. उद्या त्याची मिशी उपटतो.

ठीक आहे. चहा नव्हता. बाबांना उलटी झाली, आणि ती गडद होती. परवापासून त्यांना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय, तपासण्या चालल्यात. हल्ली ताप आला तरी चार तपासण्या करतात, त्यामुळं घाबरण्यासारखं काही नाही. सलाईन लावलंय. नर्सनं विचारलं, “आजोबा, दुखतंय का?” तर म्हणाले, “गारेगार.” ती बिचारी पंखा बंद करायला गेली.

तू पत्रात एकच गोष्ट सरळ विचारलीयस आणि खाली रेघ मारलीयस. ‘बाबांनी माझं नाव काढलं का? काढलं असेल तर तशीच निघते. नसेल काढलं तर मी त्यांच्या दारात बिनबोलावता येणार नाही. मला भर रस्त्यात सोडून त्यांनी गाडी पुढं नेली होती. पण मला खरं सांग.’

नाही काढलं.

त्यांचा स्वभावच तसा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं तिथं चांगलं चाललंय, नोकरी आहे, ते सोडून धावतपळत येऊन इथं काय करणार? मी आहे, वहिनी आहे. तपासण्यांचं कळलं की लिहितो.

वहिनीनं काल विचारलं, “तिला काय लिहिलंत?” मी म्हटलं, “जे आहे ते.” तिनं डबा भरताना झाकण दोनदा आपटलं.

दादा


२२ मार्च

लिंबू,

आजचं पत्र दवाखान्यात बाबांच्या पलंगाशी बसून लिहितोय. ते मला बघतायत. मी काय लिहितो त्यावर नजर आहे त्यांची. कारण पुढं येईल.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याआधीच्या पत्रांतही लिहिलं, पण गेल्या पत्रातल्याची मला जास्त लाज वाटते. तुला राग येईल, पत्र फाडावंसं वाटेल. पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

आधी फलाटावरचं सांगतो. मी खिडकीत होतो. समोर बाकावर बाबा. दिसत होतं मला, त्यांनी मान खाली घातली, तोंडावर रुमाल धरला. ते ओकले. भडाभडा, पायांवर, फलाटावर, आणि ते तांबडं काळं होतं. लोक मागं सरले. एका मुलानं आईला विचारलं, हे काय आहे. आणि मी काय केलं सांगू? उठलो नाही. माझा हात माइककडे गेला. मी बटण दाबलं आणि जाहीर केलं, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर पाणी सांडले आहे, कृपया जपून चालावे.”

माझा बाप रक्त ओकत होता आणि मी पाणी सांडलंय म्हणून सगळ्या स्टँडला सांगत होतो. आवाजही नेहमीचा, गोड. बाबांनी मान वर करून कर्ण्याकडे बघितलं. मिशाळ गाडीतून उडी मारून धावला, त्यानं त्यांना धरलं. मी नंतर पोचलो. चौकशीच्या खिडकीला कुलूप लावून आलो, विचार कर. किल्ली खिशात टाकली आणि मग बापाकडे गेलो.

आम्ही त्यांना बाकावर आडवं केलं. त्यांनी माझी बाही धरली. मला वाटलं, शिव्या घालतील. पण म्हणाले, “लिंबूला कळव. तिला म्हणावं ये.”

हे पहिलं नाव त्यांच्या तोंडातून निघालं. माझं नाही, वहिनीचं नाही. आणि मला काय वाटलं ते सांगायचं म्हणजे अंगावरची कातडी सोलून दाखवण्यासारखं आहे, पण सांगतो. मला राग आला. इतकी वर्षं यांचं पथ्यपाणी मी केलं, यांचे पाय मी चेपले, नळ सोडून ओकतात तेव्हा न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन मी उभा राहिलो. आणि पोटातलं बाहेर पडल्यावर हाक कुणाला, तर उतरून गेलेल्या पोरीला! शिवाय भीतीही वाटली. तुला बोलावलं की सगळ्यांना कळणार, आता काही खरं नाही. तू आलीस की दारातूनच म्हणणार, बाबा, तुम्हाला बरं नाहीये. ते ऐकायची माझी छाती नव्हती.

म्हणून मी त्यांना सांगितलं, “आधीच कळवलं होतं बाबा. ती म्हणते, तिला सवड नाही.”

होय, तुझ्या नावानं सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि त्यांनी माझी बाही सोडली. मग आठवड्यात तुझं ते रेघ मारलेलं पत्र आलं. सुधारायची संधी चालून आली होती, आणि मी तुलाही लिहिलं, नाही काढलं नाव. तुम्हा दोघांच्या मधे खिडकी लावून बसलो मी. दोघांनाही सांगत राहिलो, तुमची गाडी येणार नाही.

फरश्या वगैरे काही उखडलेल्या नाहीत. ते तर तुला कधीच कळलं असेल.

आता दवाखान्यातलं ऐक. काल मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. वयस्क आहेत, बोलायला कडक. त्यांनी खुर्ची ओढली आणि बाबांना विचारलं, “आजोबा, उलट्या कधीपासून होतायत?” बाबांनी सवयीनं छाती पुढं काढली. “उलट्या? छे छे. झकास आहे मी.” आवाज नळीसारखा बारीक झालाय, तरी ‘झकास’ म्हणताना जोर लावला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं.

लिंबू, ते डोळे मी ओळखतो. पहिल्या वळणाला आरशात दिसायचे तेच. पण या वेळी ते मला गप्प बसवत नव्हते गं. ते वाट बघत होते. त्यांना स्वतःला म्हणता येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना म्हणू दिलं नाही, आता स्वतः कसं म्हणणार? म्हणून तर त्यांना तू हवी होतीस.

मी म्हटलं, “खोटारडा आहे मी, बाई.” खरंच, हेच पहिलं तोंडातून निघालं, काय बोलतोय ते मलाच कळेना. त्या म्हणाल्या, “काय?” मग मी सांगितलं. त्यांना बरं नाहीये. हिवाळ्याच्या आधीपासून नाहीये. काही खाल्लं की ओकतात. रात्रंदिवस मळमळतं त्यांना. नळ सोडतात म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये. मला ऐकू येतं. मी चौकातल्या डॉक्टरला खोटं सांगितलं. हे सगळं सांगताना माझ्याच पोटात असं ढवळलं की कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत कसाबसा पोचलो आणि तिथं ओकलो. इतक्या वर्षांचं बहुतेक सगळंच निघालं. नर्सनं पाठीवरून हात फिरवला, बाबा पलंगावरून बघत होते.

तोंड धुऊन वळलो तर बाबांनी डोळे मिटले होते. खांदे खाली आले होते. कपाळावरची ती कायमची आठी आहे ना त्यांची, ती सुटली होती. बाईंनी पुन्हा विचारलं, “आजोबा, आता खरं सांगा, कसं वाटतंय?” ते म्हणाले, “मळमळतंय हो. फार मळमळतंय.” आणि मग, लिंबू, त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की मला वाटलं गेले. पण गेले नव्हते. त्यांना हायसं वाटलं होतं. ते काय असतं हे मी कालपर्यंत तुझ्या चेहऱ्यावरच पाहिलं होतं, शेंगदाणे मागायचीस तेव्हा.

बाईंनी मला बाहेर नेलं. पोटात गाठ आहे, पसरलीय. म्हणाल्या, चौकातल्या डॉक्टरकडे गेलात तेव्हाच हे सांगितलं असतंत, तर कदाचित काही करता आलं असतं. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला असावा, माणुसकीनं. आता फक्त त्रास कमी करता येईल. फार दिवस नाहीत. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही आणि स्वतःपासूनही नाही. त्या दिवशी डॉक्टरनं मला विचारलं होतं आणि मी ‘काही नाही’ म्हटलं होतं. हे माझं मला वागवायचंय. तू माफ कर असं मी म्हणणार नाही, तोंडच नाही मला.

कालपासून बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत. नर्सला सांगतात, झाडणाऱ्याला सांगतात, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला सांगतात, “मला मळमळतंय बरं का!” जणू बढती मिळालीय. तो म्हातारा म्हणतो, “मलाही!” मग दोघं हसतात. औषधानं थोडं बरं पडतं, दोन चमचे पेज राहते पोटात. वहिनी आज सकाळी आली तेव्हा तिला म्हणाले, “सूनबाई, तुझी पेज बेचव असते, इतके दिवस बोललो नाही.” वहिनी हसता हसता रडली.

मघाशी त्यांनी मला विचारलं, “लिंबूला खरंच सवड नाही का रे?”

जिभेवर उत्तर तयार होतं. ‘निघालीय बाबा, थोड्याच वेळात पोचेल.’ दिवसभरात पन्नास वेळा म्हणतो मी हे, न आलेल्या गाड्यांबद्दल. ते म्हटलं असतं तर ते सुखानं झोपले असते. पण म्हटलं नाही. मी सांगितलं, “बाबा, मी तिला कळवलंच नव्हतं. ती विचारत होती, तुम्ही नाव काढलं का. मी नाही म्हणून लिहिलं.”

ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही, जाईपर्यंत. नर्स येऊन सलाईन बदलून गेली. मग ते वळले. म्हणाले, “गाढव आहेस.” मी म्हटलं, “हो.” म्हणाले, “आत्ता लिही. माझ्यासमोर लिही.” म्हणून हे इथं बसून लिहितोय.

मिशाळ खाली उभा आहे. संध्याकाळची गाडी घेऊन तुझ्याच गावाला येतोय, सकाळी तीच गाडी घेऊन परत निघतो. त्याच्या गाडीनं ये. पुढचं बाक तो तुझ्यासाठी ठेवणार आहे, आणि गाडीत काय वाटेल ते बोल म्हणाला, कुणी अडवणार नाही. गाडीला उशीर झाला तर मी इथं बाबांना उशीर झालाय असंच सांगीन.

यायचं की नाही, ते तू ठरव. नाही आलीस तर ते माझ्यामुळं, बाबांमुळं नाही. एवढं तरी खरं तुझ्यापर्यंत पोचू दे.

वाचून दाखव म्हणाले. सगळं वाचून दाखवलं, फलाटाचं, बाहीचं, रागाचं, सगळं. मधे एकदा त्यांनी भांडं मागितलं, ओकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “वाच पुढं.” आता म्हणतायत, शेवटी माझ्या नावानं लिही, मी सांगतो तसंच, तुझं शहाणपण घालू नकोस. लिहितो.

“लिंबू, त्या दिवशी डबल बेल कंडक्टरनं दिली, मी सांगितली नव्हती. पण गाडी मी काढली. आरशात बघितलं नाही. आता गाडी उभी केलीय. तू चढेपर्यंत डबल बेल होणार नाही. पण पोरी, उतारावर उभी आहे, माझा पाय ब्रेकवर आहे आणि पाय दुखतोय. लवकर ये.”